उपान्त्य

अभ्यंगस्नाने आटोपून फराळाची ताटे रिकामी झाली, की आमच्या घरी दिवाळी अंकांची वाटणी होई. पाककृतींची पाने मावशीची, वार्षिक भविष्य आजीचे, व्यंगचित्रे आम्हां मुलांची. कविता कोणाच्याच वाट्याला येत नसत. भांडण जुंपे ते रहस्यकथेवरून. आणि ते दर वर्षी मामाच जिंकत. मामांच्या कपाटात बाबुराव अर्नाळकरांची पुस्तके होती. झुंजार आणि काळा पहाड ही त्यांची घरचीच माणसे. मात्र त्यांची एक खोड होती. कथा हातात पडली, की ते शेवटचे पान आधी वाचत. खुनी कोण हे एकदा समजले म्हणजे मग चकली खात निवांत वाचता येते, असे ते म्हणत. आम्ही त्यांना हसत असू. आता वाटते, की रहस्यकथेच्या खऱ्या स्वरूपावर मामांइतके नेमके बोट क्वचितच कोणी ठेवले असेल. रहस्यकथा शेवटच्या पानासाठी जगते. ते पान काढून घ्या. बाकीची दीडशे पाने रद्दीच्या भावाची.

ज्या लेखकाविषयी मी आज लिहिणार आहे, तो मामांच्या मुळीच उपयोगाचा नाही. त्याच्या पुस्तकाचे शेवटचे पान आधी वाचून हाती काहीच लागत नाही. त्याचे नाव जॉर्ज पेलेकॅनोस. अमेरिकेच्या राजधानीचा, वॉशिंग्टनचा हा कादंबरीकार. १९९२पासून त्याने गुन्हेगारी जगावर वीस कादंबऱ्या लिहिल्या आणि ‘द वायर’सारख्या दूरचित्रवाणी मालिकांच्या लेखनात मोलाचा वाटा उचलला. आपल्याकडे त्या मालिकेचे नाव माहीत असलेले पुष्कळ भेटतात. ह्या लेखकाचे नाव सांगणारे थोडे. त्या थोड्यांत चार माणसांची भर पडावी, एवढ्यासाठीच हा प्रपंच.

वॉशिंग्टन म्हटले, की आपल्या डोळ्यांसमोर पांढरा घुमट, पांढरे राष्ट्राध्यक्षभवन आणि हिरवळीवर फिरणारे प्रवासी उभे राहतात. पेलेकॅनोसच्या वीस कादंबऱ्यांत ह्या घुमटाला जवळजवळ स्थान नाही. तो घुमट शहराचे चार भाग पाडतो आणि प्रत्येक पत्त्याच्या शेपटाला वायव्य, ईशान्य, आग्नेय, नैऋत्य अशी एखादी दिशा चिकटते, एवढाच त्याचा उपयोग. मंत्री, वकील आणि वार्ताहर येतात आणि जातात. पण ह्या शहरात जन्मून ह्याच शहरात मरणारी जी माणसे आहेत, बसचे चालक, भांडी घासणारे, दुकानदार, शिपाई, त्यांचे वॉशिंग्टन वेगळे आहे, आणि तेच ह्या लेखकाचे आहे.

त्याची दृष्टी कोठून आली हे पाहायचे, तर एका उपाहारगृहाच्या लाकडी फळीपाशी जावे लागते. पेलेकॅनोसचा जन्म १९५७चा, घराणे ग्रीक. वडिलांचे शहराच्या मध्यभागी न्याहारी आणि दुपारचे जेवण देणारे लहानसे दुकान होते. १९६८च्या उन्हाळ्यात अकरा वर्षांचा जॉर्ज तेथे पोऱ्या म्हणून काम करू लागला. आजूबाजूच्या कचेऱ्यांत डबे आणि कॉफी पोचवू लागला. ते वर्ष लक्षात घेण्याजोगे आहे. त्या एप्रिलच्या ४ तारखेस मेम्फिस गावी डॉक्टर मार्टिन ल्यूथर किंग ह्यांची हत्या झाली आणि त्याच रात्री वॉशिंग्टन पेटले. सातवा रस्ता, चौदावा रस्ता, एच रस्ता जळाले, सैन्य बोलवावे लागले. दोन-तीन महिन्यांनी हा मुलगा बसने कामावर जाई, तेव्हा खिडकीबाहेर जळक्या भिंती उभ्या होत्या. आणि दुकानात शिरल्यावर दिसे ती फळी. फळीच्या आत राबणारी माणसे बहुतेक काळी, आणि फळीबाहेर उंच स्टुलांवर बसून खाणारी बहुतेक गोरी. मालकाचा मुलगा मात्र आतल्या बाजूला उभा. पुढे चाळीस वर्षांनी, २००८ साली, ‘द टर्नअराउंड’ ह्या कादंबरीत ही फळी जशीच्या तशी आली आहे. तिच्या ह्या बाजूला नायक आयुष्यभर अंडी तळतो, आणि त्या बाजूला एके दिवशी त्याचा भूतकाळ येऊन उभा राहतो.

मग मुलगा मोठा झाला. त्याने बायकांची पादत्राणे विकली, दारूच्या दुकानात पेले भरले, स्वयंपाकघरात राबला, विजेची उपकरणे खपवली. मेरीलंड विद्यापीठात तो चित्रपटविषय घेऊन शिकत होता. तेथे चार्ल्स मिश नावाच्या प्राध्यापकांनी गुन्हेगारी कादंबरीचा वर्ग घेतला, आणि त्या एका वर्गाने आपले आयुष्य वळवले, असे पेलेकॅनोस कृतज्ञतेने सांगत आला आहे. मी स्वतः मास्तर असल्यामुळे चरित्रातली ही ओळ माझ्या नजरेतून सुटत नाही. साहित्याच्या प्राध्यापकाने वर्गात शिकवायला अभिजात महाकाव्य न घेता फुटपाथवरचे पिवळ्या पानांचे पुस्तक घ्यावे, ह्याला धारिष्ट लागते. अर्नाळकर आमच्या किती वर्गांत शिकवले गेले, ह्याचा हिशेब ज्याचा त्याने करावा.

पहिली कादंबरी आली तेव्हा लेखक पस्तिशीचा होता. ‘अ फायरिंग ऑफेन्स’ ह्या तिच्या नावातच श्लेष आहे: गोळीबाराचा गुन्हा, आणि नोकरीवरून काढून टाकण्याजोगा गुन्हाही. नायक निक स्टेफानोस हा विजेच्या उपकरणांच्या दुकानांत जाहिरातीचे काम पाहतो. कोठारातला एक पोरगा नाहीसा होतो, त्याचे आजोबा येऊन शोधायची विनंती करतात, आणि हा निघतो. शोधाची हकीकत बरी आहे. पण आज पुस्तक पुन्हा उघडले, तर लक्षात राहते ते दुकान: गिऱ्हाइकाला घोळात घेणारे विक्रेते, त्यांची आपसांतली भाषा, दुपारी मागच्या खोलीत चालणारी थट्टा. ज्याने स्वतः दुकानात उभे राहून पायांचे गोळे दुखवून घेतले आहेत, त्यालाच हे लिहिता येते.

श्रम हा ह्या लेखकाचा खरा विषय आहे, असे मला वाटते. गुन्हेगारी कादंबरीत माणसे गुन्हा सोडून दुसरे काही करताना फारशी दिसत नाहीत. येथे ती सतत कामावर असतात. ‘ड्रामा सिटी’चा नायक तुरुंगातून सुटून भटक्या, छळलेल्या कुत्र्यांची सुटका करणाऱ्या संस्थेत नोकरी करतो. ‘द वे होम’मधली मुले सुधारगृहातून बाहेर पडून लोकांच्या घरी गालिचे बसवतात. गालिचा कसा कापतात, कडा कशा बसवतात, गुडघे कसे सोलतात, हे लेखक ज्या आस्थेने सांगतो, त्या आस्थेने इतर लेखक पिस्तुलाचे वर्णन करतात. सकाळी वेळेवर उठून कामावर जाणे ही त्याच्या लेखी पराक्रमाची गोष्ट आहे. पिस्तूल कोणालाही मिळते. नोकरी टिकवणे कठीण.

आता त्या शहराच्या इतिहासाकडे वळू. १९९६ ते २००० ह्या काळात त्याने चार कादंबऱ्या लिहिल्या, आणि त्या मिळून वॉशिंग्टनचे एक चौपदरी चरित्र झाले. ‘द बिग ब्लोडाउन’मध्ये १९३०-४०च्या दशकांतले ग्रीक आणि इटालियन निर्वासितांचे मोहल्ले, ‘किंग सकरमन’मध्ये राष्ट्राच्या द्विशताब्दीचा, १९७६चा उन्हाळा, ‘द स्वीट फॉरएव्हर’मध्ये १९८६चा मार्च, आणि ‘शेम द डेव्हिल’मध्ये शतकाची अखेर. हे शहर तेव्हा कोणत्या अवस्थेतून जात होते, हे एका आकड्यावरून समजेल. वस्ती सहा लाखांच्या आसपास, आणि १९९१ ह्या एका वर्षात खून पावणेपाचशेहून अधिक.

‘द स्वीट फॉरएव्हर’मध्ये एका काळ्या तरुणाचे गाण्यांच्या तबकड्यांचे दुकान आहे. त्याच्या दारात एक भरधाव मोटार आदळते, मागल्या बैठकीवरची पैशांची थैली कोणी पळवते, आणि गोष्ट सुरू होते. परंतु सबंध पुस्तकभर घरोघरी, गुत्त्यागुत्त्यांत दूरचित्रवाणीवर बास्केटबॉलचे सामने चालू आहेत, आणि सारे शहर एका पोराकडे डोळे लावून बसले आहे: मेरीलंड विद्यापीठाचा लेन बायस. त्याच्या खेळाने माणसे हरखून जातात. कादंबरी मार्चमध्येच संपते. जूनच्या १९ तारखेस लेन बायस कोकेनने मेला, हे पुस्तकात कोठेही नाही; ते फक्त वाचकाला माहीत असते. त्या शहरातल्या वाचकाला ते जखमेसारखे माहीत असते. त्यामुळे पुस्तकातला प्रत्येक जल्लोष वाचताना घशात आवंढा येतो. शेवट पुस्तकाच्या बाहेर आहे. लेखक त्याच्या अलीकडे थांबला आहे.

येथे मला माझ्या धंद्यातला एक शब्द आठवतो. शुद्धलेखन शिकवताना तो दिवसातून दहा वेळा तोंडी येतो: उपान्त्य. म्हणजे शेवटच्या अक्षराच्या अलीकडचे अक्षर. शब्दाच्या शेवटची वेलांटी दीर्घ, हे पोरे पटकन पाठ करतात; अडखळतात ती उपान्त्य अक्षरापाशी. कारण ते ह्रस्व की दीर्घ हे त्याच्या पुढे काय येते त्यावर ठरते. ‘गरीब’मधली री दीर्घ, पण ‘गरिबी’ लिहा, की ती रि ह्रस्व झालीच. उपान्त्य अक्षराला पुढल्या अक्षराचा भार सोसावा लागतो. पेलेकॅनोसचे सगळे लेखन हे उपान्त्याचे लेखन आहे. त्याच्या गोष्टीत मृत्यू हा शेवट नसतो, शेवटाच्या अलीकडचा मुक्काम असतो. आणि त्याचे वजन किती, हे पुढे उरलेल्या माणसांवरून ठरते.

‘शेम द डेव्हिल’ घ्या. एका उपाहारगृहावर दरोडा पडतो, तेथली माणसे मारली जातात, आणि पळून जाणाऱ्या मोटारीखाली रस्त्यावरचे एक लहान पोर सापडते. कोणताही रहस्यलेखक येथून दरोडेखोरांच्या मागे धावला असता. पेलेकॅनोस अडीच वर्षे पुढे जातो आणि आपल्याला एका खोलीत नेतो. तेथे खुर्च्या गोलाकार मांडल्या आहेत आणि त्या दिवशी ज्यांची ज्यांची माणसे गेली, ते नियमाने जमून बोलतात. पोराचा बाप दिमित्री कारास त्यांत आहे. दरोडेखोर परत येतात, सूडही घडतो. पण पुस्तक मिटल्यावर लक्षात राहतात त्या खुर्च्या.

हे वाचताना मला माझ्याच वर्गातली एक गोष्ट आठवली. ती सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. काही वर्षांपूर्वी सातवीच्या एका मुलाचे वडील बांधावरच्या भांडणात मारले गेले. तीन दिवस वर्तमानपत्रांत बातम्या आल्या. नंतर आरोपी पकडले गेले आणि गाव आपल्या उद्योगाला लागले. मीही लागलो. चार महिन्यांनी परीक्षेचा सराव म्हणून मी फळ्यावर निबंधाचा विषय लिहिला: ‘माझे वडील’. खडू खाली ठेवून वळलो, तेव्हा माझ्या ध्यानात आले. तोवर सगळ्या माना वह्यांत गेल्या होत्या, त्याचीही. विषय पुसण्याचे धैर्य मला झाले नाही. त्या मुलाने निबंध लिहिला, पानभर, आणि आरंभापासून शेवटपर्यंत वर्तमानकाळात. माझे वडील पहाटे उठतात. माझे वडील मला सायकलवरून आणतात. शुद्धलेखनाच्या चुका बऱ्याच होत्या. मी एकही दुरुस्त न करता वही परत केली. माझ्या लेखी ती बातमी संपली होती. त्याच्या घरी ती रोज सकाळी सुरू होत होती. हे कळायला मला चार महिने आणि एक निबंध लागला. पेलेकॅनोस ते पहिल्यापासून जाणतो, म्हणून मी त्याला मानतो.

आता दूरचित्रवाणीकडे येऊ. वॉशिंग्टनपासून मोटारीने तासाभराच्या अंतरावर बाल्टिमोर नावाचे शहर आहे. तेथल्या ‘सन’ वृत्तपत्रातला डेव्हिड सायमन हा गुन्हेवार्ताहर पुढे मालिका लिहू लागला. सायमनला पेलेकॅनोसचे ‘द स्वीट फॉरएव्हर’ वाचायला सुचवले ते लॉरा लिपमन ह्या कादंबरीकर्तीने, जी पुढे त्याची पत्नी झाली. दोघांची गाठ पडली ती एका समान स्नेह्याच्या अंत्यविधीच्या वेळी. तेथेच सायमनने त्याला आपल्या नव्या मालिकेत लिहिण्याविषयी विचारले. ती मालिका म्हणजे ‘द वायर’. २००२ ते २००८ ह्या काळात तिची पाच पर्वे झाली, एकूण साठ भाग. पोलीस आणि मादक द्रव्यांचे विक्रेते, बंदरावरचे कामगार, नगरपालिका, शाळा आणि वृत्तपत्र, असे एका शहराचे पाच अवयव तिने क्रमाने उलगडून दाखवले. तिसऱ्या पर्वापासून रिचर्ड प्राइस आणि डेनिस लेहेन हे आणखी दोन नामवंत कादंबरीकार त्यात आले. कादंबरीकारांनी कादंबरीच्या रीतीने लिहिलेली मालिका, अशी तिची ख्याती झाली. पारितोषिकांच्या बाबतीत मात्र ती कपाळकरंटीच. एमी पारितोषिक तिला एकदाही मिळाले नाही. लेखनासाठी तिचे नाव दोनदा सुचवले गेले, आणि त्यांपैकी एकदा ते तिसऱ्या पर्वातल्या ‘मिडल ग्राउंड’ ह्या भागासाठी, सायमन आणि पेलेकॅनोस ह्यांच्या नावाने.

हा ‘मिडल ग्राउंड’ त्या पर्वातला शेवटून दुसरा भाग आहे. आणि येथे एक गंमत सांगतो. पाचही पर्वांतला शेवटून दुसरा भाग पेलेकॅनोसच्या लेखणीचा आहे. पाचही! पहिल्यात वॉलेस हा सोळा वर्षांचा पोरगा त्याच्याच दोन दोस्तांच्या हातून मरतो. दुसऱ्यात बंदर कामगारांचा पुढारी फ्रँक सोबोत्का पुलाखाली शत्रूंना भेटायला एकटा चालत जातो. खून दाखवलाच जात नाही, फक्त चालणे दाखवले जाते. तिसऱ्यात स्ट्रिंगर बेल आणि एव्हॉन बार्क्सडेल हे बालमित्र रात्री गच्चीवर उभे राहून लहानपणच्या आठवणी काढतात. प्रत्येकाने दुसऱ्याचा घात करून ठेवलेला आहे, आणि तरीही त्या आठवणी खोट्या नाहीत.

मालिकालेखन हे दिंडीसारखे सामुदायिक काम आहे. कथानकाची आखणी सायमन आणि त्याचा सहकारी एड बर्न्स ह्यांची, हे मी विसरत नाही. पण मृत्यूचे प्रसंग पर्वाच्या अगदी अखेरीस न ठेवता एक भाग आधी ठेवायचे, म्हणजे शेवटचा सबंध भाग उरलेल्यांना जगायला मोकळा राहतो, ही रचना ज्याच्या हाती सोपवावी असा माणूस त्या खोलीत एकच होता. त्याने कादंबऱ्यांतून दहा वर्षे हेच केले होते.

शिक्षकांनी ह्या मालिकेचे चौथे पर्व तरी पाहावे. बर्न्स हा पोलीस खात्यातून निवृत्त होऊन बाल्टिमोरच्या शाळेत शिक्षक झालेला माणूस. ते पर्व त्या अनुभवावर उभे आहे. चार पोरे आणि एक नवखा गणिताचा मास्तर. शेवटून दुसऱ्या भागात त्यांतल्या रँडीच्या घरावर आग फेकली जाते. मोठ्यांच्या एका निष्काळजी शब्दाची किंमत पोर भरते. पण सर्वांत चटका लावणारा प्रसंग पाचव्या पर्वातल्या शेवटून दुसऱ्या भागात आहे. मायकेल आणि ड्यूकी हे दोन मित्र कायमचे दुरावत आहेत. मायकेलच्या हातून खून घडला आहे, ड्यूकी भंगारवाल्यांकडे आसरा शोधायला निघाला आहे. गाडीत बसल्या बसल्या ड्यूकी त्याला एका जुन्या दिवसाची आठवण देतो, सगळ्यांनी मिळून केलेल्या एका खोडीची. वर्षदीडवर्षापूर्वीचीच गोष्ट. मायकेल विचार करतो आणि म्हणतो, मला आठवत नाही. एवढेच. बालपण संपल्याचा ह्याहून साधा दाखला माझ्या पाहण्यात नाही.

आणि तरीही एक प्रश्न उरतोच. दूरचित्रवाणीने हा कादंबरीकार गिळला काय? हिशेब मांडून पाहू. १९९२ ते २०१३ ह्या बावीस वर्षांत एकोणीस कादंबऱ्या. त्यानंतर २०१५ साली कथांचा एक संग्रह, २०१८ साली एक कादंबरी, आणि २०२४ साली ‘ओनिंग अप’ हा चार दीर्घकथांचा संग्रह. मधल्या काळात वादळाने उद्ध्वस्त झालेल्या न्यू ऑर्लिन्सवरची मालिका, सायमनच्या जोडीने उभारलेली ‘द ड्यूस’, आणि २०२२ साली बाल्टिमोरच्या लाचखोर पोलिसांवरची सहा भागांची ‘वी ओन धिस सिटी’. मालिका मोलाच्या आहेत, आणि त्यांनी पुस्तकांच्या कित्येक पट लोकांपर्यंत त्याचे काम नेले. परंतु पडद्यावर माणूस भांडी घासताना दिसतो. भांडी घासताना तो काय मनात आणतो, हे फक्त पुस्तकच सांगू शकते. ते सांगणे कमी झाले, हा तोटा माझ्यासारख्या वाचकाला लपवता येत नाही.

दोष आणखीही आहेत. गाण्यांची, मोटारींची, बुटांच्या छापांची नावे तो इतकी देतो, की कधीकधी पान वाण्याच्या यादीसारखे होते. स्त्रिया त्याच्या पुस्तकांत पुष्कळदा समजूतदारपणे दारात उभ्या असतात. त्यांना स्वतःची गोष्ट क्वचित मिळते. आणि तो उपदेश करतो. पोरांनी शाळा सोडू नये, बापांनी घर सोडू नये, हे पात्रांच्या तोंडून अधूनमधून असे येते, की छडीचा आवाज ऐकू यावा. ह्या शेवटच्या दोषावर मी कठोर होऊ शकत नाही. माझ्या कादंबऱ्यांवर टीकाकारांनी हाच ठपका ठेवला आहे, आणि तो खरा आहे. दिवसभर पोरांपुढे उभा राहणारा माणूस रात्री लिहायला बसतो, तेव्हा फळा त्याच्या पाठीमागून सहजी जात नाही.

पण त्याचा उपदेश जेव्हा प्रसंग होऊन येतो, तेव्हा तो किती सुंदर होतो ते पाहा. डेरेक स्ट्रेंज हा काळा गुप्तहेर त्याच्या पाच कादंबऱ्यांचा नायक. ‘हार्ड रेव्होल्यूशन’मध्ये त्याचे १९५९ सालचे बालपण आहे. बारा वर्षांचा डेरेक दुकानात चोरी करताना पकडला जातो. दुकानातला माणूस त्याला पोलिसांच्या स्वाधीन करू शकतो. तो तसे करत नाही. चार शब्द सांगतो आणि सोडून देतो. त्या सोडण्यातून पुढे डेरेकचे पोलीस होणे, आणि त्याचे सगळे आयुष्य, उगवते. नऊ वर्षांनी तेच शहर पेटते, तेव्हा आपल्याला कळते, की अशी किती पोरे सोडली गेली नसतील.

२०१८च्या ‘द मॅन हू केम अपटाउन’मध्ये तर त्याने आमचाच धंदा घेतला. शहराच्या तुरुंगात एक ग्रंथपालबाई आहेत. त्या गाड्यावर पुस्तके घालून कोठडी-कोठडीपर्यंत नेतात आणि मायकेल हडसन नावाच्या कैद्याला वाचायची गोडी लावतात. तो सुटतो, उपाहारगृहात भांडी घासू लागतो, पगारातून पुस्तके घेतो. आणि ज्याने त्याला सोडवले तोच माणूस उपकाराची परतफेड म्हणून त्याला पुन्हा गुन्ह्यात ओढतो. पेलेकॅनोस स्वतः तुरुंगांत जाऊन कैद्यांबरोबर पुस्तकांवर बोलत आला आहे, म्हणून ह्या पुस्तकात भाबडेपणा नाही. पुस्तक वाचून माणूस सुधारतो, असे ते म्हणत नाही. पुस्तक वाचणाऱ्या माणसाला गमावण्याजोगे काहीतरी मिळते, एवढेच ते म्हणते. वीस वर्षे फळ्यापुढे उभे राहून मला हे इतक्या थोडक्यात सांगता आले नव्हते.

मामा आता नाहीत. असते तर मी हे पुस्तक त्यांच्या हाती दिले असते, आणि त्यांनी सवयीने शेवटचे पान उघडले असते. तेथे त्यांना खुनी सापडला नसता. चष्मा कपाळावर सरकवून ते म्हणाले असते, अरे, ह्यात तर काहीच नाही. मग चार दिवसांनी, भाऊबीज उरकून परत जाताना, पिशवीत ते पुस्तक घालून घेऊन गेले असते. त्यांची तशी रीत होती.